बाबांची बंदूक माझ्या नावावर कधी होणार? (वारस शस्त्र परवाना, किती थांबावं लागलं ते सांगा)

रायवळ_आंबा | १९ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

मंडळी नमस्कार. थोडं रडगाणं आहे, थोडी माहिती हवीये. सरकारी कामांच्या जुन्या धाग्यात टाकलं असतं तर हरवलं असतं म्हणून वेगळा काढतेय.

गाव कोकणात. तालुका जिल्हा मुद्दाम लिहीत नाही, काम अजून त्यांच्याच हातात आहे :) बाबांकडे बारा बोअरची एकनळी होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, १९८८ पासून. बाग, नारळ, थोडी भातशेती. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबा गेले. घरात परवाना नसलेल्या माणसाने बंदूक ठेवायची नाही एवढं माहीत होतं, म्हणून बाराव्याच्या आत भाऊ आणि मी जाऊन ती पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली, वाटलं दोन-तीन महिन्यांत नावावर होईल आणि घेऊन येऊ.

तेव्हापासून आजपर्यंतचा हिशोब असा. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, ऑफिसात सगळे इलेक्शन ड्युटीवर, मे मध्ये कसाबसा ऑनलाइन फॉर्म भरला आणि कागदांचा गठ्ठा नेऊन दिला. सप्टेंबरपर्यंत काहीच नाही. मग एक हवालदार घरी आले, चहा झाला, बाग बघितली, आणि विचारतात, "ताई, भावाच्या नावावर का नाही करत?" भाऊ बोईसरला कंपनीत, त्याला बागेतलं झाड कुठलं कुठे ते माहीत नाही, राखणीला पहाटे उठते मी. तसं सांगितलं तर हसले, जबाब लिहून घेतला, गेले. मग त्रुटी निघाली की बहिणीचं ना-हरकत नाही. बहीण दुबईत. ते झालं तर विधानसभेची आचारसंहिता. ती संपली तर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. तेही केलं (पहिल्या बाराला खांदा काळानिळा झाला होता, आठवडाभर नारळ सोलता येईना). मग म्हणे गाव अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत येतं, वन्यजीववाल्यांची संमती लागेल. हे जानेवारी २०२५. आता ऑगस्ट संपत आला. गेलं की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे."

दर खंडेनवमीला बाबा बंदूक पुसून, नळीतून तेलाची चिंधी फिरवून पाटावर ठेवायचे. गेल्या वर्षी आईने पाटावर कोयता, विळा, कुदळ मांडलं आणि बंदुकीच्या जागी तिची रिकामी गवसणी ठेवली. त्यावर हळदकुंकू वाहिलं. मला बघवलं नाही.

तर प्रश्न असे की कायद्यात याला काही मुदत आहे का, तुम्हाला किती लागले, आणि दीड वर्षं ठाण्याच्या खोलीत पडलेल्या बंदुकीचं काय होत असेल?

---

मालवणी_खाजा | १९ ऑगस्ट, रात्री ११.०५

गो बाय, तुजा काम होतला, धीर धर. आमच्या काकाच्या बंदुकीक दोन वर्षां लागली हुती. तोपर्यंत माकडांनी माडार एक शाळो ठेवलो नाय.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | २० ऑगस्ट, सकाळी ६.१५

ताई, मी ३१ वर्षं महसूलमध्ये काढली, त्यातली चार जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत, म्हणजे नेमकं हेच टेबल. त्यामुळे थोडं लांबण लावतो, गोड मानून घ्या.

मुदत आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो अहवाल हातात पडल्यापासून ६० दिवसांत परवाना प्राधिकाऱ्याने हो किंवा नाही सांगायचं. मेख पहा कुठे आहे. साठ दिवस तुमच्या अर्जापासून मोजत नाहीत, अहवाल पोचल्यापासून मोजतात. आणि अहवाल एका माणसाने लिहून पाठवला असं नसतं. आमच्याकडून पत्र जातं पोलीस अधीक्षक कार्यालयात, तिथून ते तुमच्या ठाण्याला, ठाण्यात बीट अंमलदाराला, तो घरी येणार, तुमचा जबाब, शेजाऱ्यांचे जबाब, गुन्हा दाखल आहे का ते तपासणार, मग ठाणे अंमलदाराची सही, मग उपविभागीय अधिकारी, परत अधीक्षक कार्यालय, परत आमच्याकडे. प्रत्येक ठिकाणी आवक-जावक, प्रत्येक ठिकाणी "वरिष्ठांकडे सादर". कोणीच महिनाभर दाबून ठेवत नाही हो, प्रत्येकजण आठ-दहा दिवस ठेवतो. पण टेबलं मोजा किती झाली ते.

कायद्यात अशीही सोय आहे की पोलीस अहवाल मुदतीत आलाच नाही तर प्राधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्याच्यासाठी न थांबता निर्णय घेता येतो. शस्त्र अधिनियमाचं कलम १३ वाचा. चार वर्षांत असा एकही आदेश माझ्या हातून टाइप झाला नाही. उद्या त्या बंदुकीने काही झालं तर पहिला प्रश्न येणार, अहवाल कुठाय? नाही म्हणायला धाडस लागत नाही, हो म्हणायला लागतं, आणि "अहवाल अप्राप्त" लिहून गप्प बसायला तर काहीच लागत नाही.

त्रुटींचं म्हणाल तर त्या एकदम काढायच्या असतात, हप्त्याहप्त्याने नव्हे. पण टेबलावरचा माणूस बदलला की नवा माणूस फाईल पहिल्या पानापासून वाचतो आणि त्याला नवं काहीतरी दिसतं. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. बंदुकीच्या फाईलला सगळे घाबरतात, उत्पन्नाच्या दाखल्याला घाबरत नाहीत.

दहा किलोमीटरचं मात्र खरं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३४. अभयारण्यापासून दहा किमीच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती हवी, त्यांचं कार्यालय नागपूरला. वारसाचा परवाना म्हणजे कागदावर नवाच परवाना. फक्त हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं, आठव्या महिन्यात नाही.

---

रायवळ_आंबा | २० ऑगस्ट, सकाळी ७.३०

काका, इतकं स्वच्छ मला ऑफिसात कोणी सांगितलं नाही. पहिल्यांदा कळलं की फाईल कुठे कुठे फिरते. मी आपली दर वेळी त्याच खिडकीवर उभी राहत होते.

---

दोन_नळी | २० ऑगस्ट, दुपारी १.२०

तुमचे बाबा किती वर्षांचे होते? विचारायचं कारण, नियम २५ मध्ये वारसाला परवाना द्यायचे दोन मार्ग आहेत. एक, परवानाधारक वारल्यावर. दुसरा, तो हयात असताना, त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, जे आधी होईल तेव्हा, त्याने सांगितलेल्या वारसाला. १९८८ ची बंदूक म्हणजे २५ वर्षं २०१३ मध्येच भरली. २०१६ चे नियम आल्यापासून कधीही अर्ज केला असता तरी चाललं असतं. अर्ज चालू असताना बंदूक घरातच राहते, कारण बाबांचा परवाना जिवंत असतो. वेळ तेवढाच लागला असता, पण तो वेळ बंदूक मुद्देमालात पडून गेला नसता.

लोकांना हे माहीतच नसतं. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या नावावर शस्त्र आहे त्यांनी हे वाचून उद्याच्या उद्या कामाला लागा.

---

रायवळ_आंबा | २० ऑगस्ट, दुपारी २.१०

बाबा ७४ चे होते. २०१९-२० कडे नूतनीकरणाला गेले तेव्हा मीच गाडीवरून नेलं होतं, तीनऐवजी पाच वर्षांची मुदत मिळाली म्हणून खूश होऊन आले. तेव्हा म्हटलं होतं, माझ्या नावावर करायचं बघूया का. तर म्हणाले, "मी काय मरायला टेकलोय का, मी गेल्यावर बघा काय ते." आणि मीही विषय सोडला. आता काय बोलणार.

---

शंकेखोर | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. २०२५ मध्ये बागेला बंदूक लागतेच का? आणि वेळ लागतो ते वाईटच आहे असं का धरून चाललाय सगळे? बंदूक आहे ती, गॅसचं कनेक्शन नाही. दहा जणांनी तपासलं तर बिघडलं कुठे? शिवाय शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी प्राणी मारायची परवानगी त्याने मिळत नाही, मग फक्त आवाजच काढायचा तर फटाके आहेत की.

---

वऱ्हाडी_ठेचा | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

भाऊ, एक रात्र आमच्या वावरात या मग फटाक्याचं बोला. पयल्या दिवशी डुक्कर पळते, दुसऱ्या दिवशी कान टवकारते, तिसऱ्या दिवशी तुमच्याकडं पाहून तूर खाते. आमच्याकडं आता झटका मशीन लावतात सोलरवाली, काही गावांत जन-वन योजनेतून कुंपणाले अनुदान भेटलं. डुकराले, रोह्याले (नीलगायीले) ते चालते बी. माकडाले कुंपण कोणतं लावसान?

पण एक गोष्ट शंकेखोर बरोबर बोलले, परवाना म्हणजे शिकारीचं लायसन नव्हे. त्याले वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आमच्याकडं लोकं हे विसरतात आन मंग केस अंगावर घेतात.

---

रायवळ_आंबा | २० ऑगस्ट, रात्री ९.१५

शंकेखोर, राग नाही आला. बाबांनी छत्तीस वर्षांत एकही जनावर मारलं नाही, हे मी छातीठोक सांगते. पहाटे माडाखाली उभं राहून आभाळात एक बार काढायचे, बस्स. वानरं आणि माकडं आवाजाला घाबरतातच, पण बंदूक घेऊन उभ्या माणसाला जास्त घाबरतात. काठी घेऊन गेले तर माझ्यावर दात काढतात, खोटं नाही सांगत. गेल्या मोसमात सुपारी आणि नारळ मिळून निम्मं हातचं गेलं.

आणि तपासणीला माझी ना नाहीच. दहा नाही वीस जणांनी तपासा. पण तपासणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, एका दुपारी, एका चहात. बाकीचे अकरा महिने कोणी काय तपासलं ते तरी सांगा.

---

शंकेखोर | २० ऑगस्ट, रात्री ९.४०

हा मुद्दा मान्य. तपासायला लागणारा वेळ आणि पडून राहण्याचा वेळ, दोन्ही वेगळे.

---

टेक्सासचा_वारकरी | २१ ऑगस्ट, पहाटे ४.५०

इकडची गंमत सांगतो. टेक्सासमध्ये साधी रायफल घ्यायची तर दुकानात फॉर्म भरा, फेडरल बॅकग्राउंड चेक, बरेचदा पाच-दहा मिनिटांत मोकळे. चेक अडकला तरी तीन कामाचे दिवस उलटल्यावर दुकानदार कायद्याने देऊ शकतो. कॅलिफोर्नियात मात्र दहा दिवस थांबावंच लागतं. राज्य बदललं की सगळं बदलतं.

पण सप्रेसर, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो, घ्यायचा तर मामला वेगळा. त्याला १९३४ चा कायदा लागतो, गँगस्टर आणि मशीनगनच्या जमान्यातला. २०० डॉलर कर भरून स्टॅम्प घ्यायचा, बोटांचे ठसे, फोटो, सगळं फेडरल खात्याला पाठवायचं आणि बसायचं. १९३४ मध्ये २०० डॉलर म्हणजे लोकांनी घेऊच नये अशी रक्कम होती, पुढे आकडा तोच राहिला आणि महागाईने तो किरकोळ करून टाकला. २०२१-२२ कडे कागदी अर्जाला आठ-दहा महिने, वर्षसुद्धा सर्रास लागायचं. तोवर पैसे पूर्ण भरलेली तुमची वस्तू दुकानदाराच्या तिजोरीत. काही दुकानदार ती तुम्हाला त्यांच्याच रेंजवर वापरू देतात, वापरायची, पुसायची, परत देऊन घरी यायचं, बायको माहेरी राहिली की जावई भेटून येतो तसं.

मग डिसेंबर २०२१ मध्ये हा अर्ज पुन्हा ऑनलाइन सुरू झाला. आधी फार फरक नाही पडला. आणि २०२४ मध्ये अचानक लोकांना चार-पाच दिवसांत मंजुरी यायला लागली. कायदा तोच, तपासणी तीच. आमच्या ग्रुपवर लोकांना आधी वाटलं काहीतरी फ्रॉड मेसेज आहे. आता जुलैमध्ये नवा कायदा झालाय, १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा तो २०० डॉलरचा कर शून्य होणार. अर्ज आणि तपासणी राहणारच, त्यामुळे जानेवारीत पोर्टलवर झुंबड उडणार असं सगळे म्हणतायत.

H-१बी वाल्यांनी मात्र हे वाचून दुकानात धावू नका, त्या व्हिसावर बंदूक बाळगायला बंदी आहे, हंटिंग लायसनसारखे थोडे अपवाद सोडून. आधी वकिलाला विचारा.

---

दोन_नळी | २१ ऑगस्ट, सकाळी १०.३०

वारकरीबुवा, आपल्याकडे तर थांबणं कायद्यातच लिहून ठेवलंय. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. स्वतःच्या वापराची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची किंवा द्यायची असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. मग व्यवहार. वाचायला किती साधं आहे बघा, कळवा आणि थांबा. "परवानगी मागा" असं तिथे म्हटलेलं नाही.

मी माझी दुनळी मित्राला दिली तेव्हा हे कलम तोंडपाठ करून गेलो होतो. पत्र दिलं, पोच घेतली, ४५ दिवस मोजले, ४६ व्या दिवशी दोघं नवे कपडे घालून हजर. साहेब म्हणाले, विक्रीची परवानगी कुठाय. म्हटलं कलमात परवानगी नाहीये, माहिती द्यायची आहे. म्हणाले, कलम तुम्ही घरी वाचा, इथे परवानगी लागते. ती मिळायला सात महिने. मित्र त्या दिवसापासून मला "सेहेचाळीस" म्हणूनच हाक मारतो.

जाता जाता, कोडगूतले कोडव लोक या सगळ्या भानगडीतून मोकळे आहेत. इंग्रजांच्या काळापासूनची सूट, कलम ४१ खाली चालू आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली, कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये कायम ठेवली. त्यांना परवाना नाही, सूट प्रमाणपत्र लागतं. आणि बंदूक तिथे सणात पूजेला असते, ताईंच्या घरासारखीच.

---

काजूबी | २१ ऑगस्ट, दुपारी १२.१५

गोव्याहून. आमच्याकडे अजून एक ताप म्हणजे इलेक्शन आलं की बंदुका जमा करा. पूर्वी सरसकट सगळ्यांना नोटीस यायची, म्हातारा असो की कोणी असो. मग मुंबई हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात प्रकरण गेलं आणि आता स्क्रीनिंग कमिटीने माणूस बघून ठरवायचं असं आहे. निदान कागदावर. वर्षात लोकसभा, मग पंचायत, मग काहीतरी पोटनिवडणूक, बंदूक घरात कमी आणि ठाण्यात जास्त.

---

पुणेरी_दहा_मीटर | २१ ऑगस्ट, दुपारी ३.००

आम्ही बालेवाडीला शूटिंग करणारी मंडळी, आमचं दुखणं थोडं निराळं. साध्या ०.१७७ च्या एअर रायफलला, ठरावीक ताकदीच्या आतली असेल तर, परवाना लागत नाही म्हणून सगळे तिथून सुरू करतात. पॉइंट टू-टू (०.२२) रायफलला गेलात की परवाना. शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज, त्यामुळे तुमच्यासारखी महसूल ते पोलीस ते महसूल फेरी नसते, तरी महिने जातातच. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटरचं ब्राँझ आणलं तेव्हा क्लबात चौकशीला रांग लागली. त्यातले निम्मे परवान्याची प्रोसेस ऐकून बॅडमिंटनला गेले.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४०

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ताई, वाईट वाटेल पण सांगतो. मुद्देमाल खोलीत बंदुकीला कोणी तेल लावत नाही. त्या खोलीत दारूचे कॅन, चोरीच्या सायकली, खुनातला कोयता, सगळं एकत्र. कोकणातला पावसाळा दोनदा गेला म्हणजे नळीला आतून गंज धरलाच असणार. कलम २१ प्रमाणे ठाण्याऐवजी परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेही जमा करता येते. महिन्याचं थोडं भाडं घेतात पण पुसून ठेवतात. हेही कोणी सांगत नाही.

आता उपाय. खिडकीवर जाऊ नका. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारू नका, त्याला "कार्यवाही सुरू आहे" असं एका ओळीचं उत्तर येतं. असं विचारा, माझा अर्ज अमुक आवक क्रमांकाचा, तो कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आला, कोणत्या तारखेला पुढे गेला, टिपणीच्या पानांच्या प्रती द्या, आणि वन्यजीव कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराचे जावक-आवक क्रमांक द्या. तारखा लिहून द्यायची वेळ आली की फाईल आपोआप उठते. मी टेबलाच्या पलीकडे बसून हे अनुभवलंय, असा अर्ज आला की आम्ही आधी फाईल शोधायचो आणि मग उत्तर लिहायचो.

आणखी एक. बहिणीच्या ना-हरकतीला किती रुपयांचा बाँड लावलात?

---

रायवळ_आंबा | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.०५

भाऊ आणि आईचा शंभरचा चालला. बहीण दिवाळीला आली तेव्हा पाचशेचा, तोवर रेट बदलला होता.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. असो. गेले ते पैसे.

---

मालवणी_खाजा | २१ ऑगस्ट, रात्री १०.००

काकांनू, तुमी आदी खय हुतास? :D

---

शंकेखोर | ३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.००

धागा वर काढतो. ताई, काल दसरा झाला. काही हललं का?

---

रायवळ_आंबा | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.३०

हललं! सविस्तर लिहिते, काकांचं ऋण आहे.

२५ ऑगस्टला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, काकांनी सांगितलं त्याच शब्दांत. सतराव्या दिवशी ऑफिसातून फोन, "मॅडम, जरा येऊन जाता का." गेले. नवीन बाई होत्या टेबलावर, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या, चांगल्या वागल्या. वन्यजीववाल्यांची संमती एप्रिलमध्येच आली होती! एप्रिलमध्ये! ते पत्र आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या कोणाच्या फाईलला लागलं होतं, आणि तो दुसरा बिचारा नूतनीकरणाचा परवाना घेऊन केव्हाच घरी गेला होता, त्यामुळे ती फाईल कपाटात बंद. आमची फाईल "संमती अप्राप्त" म्हणून पडलेली. ना कोणी पैसे मागितले, ना कोणी मुद्दाम अडवलं. एक टाचणी चुकीच्या फाईलला लागली, बस्स.

बाईंनी माझ्यासमोर ते पत्र काढून आमच्या फाईलला लावलं. २६ सप्टेंबरला आदेश झाला. आईला सांगितलं, या दसऱ्याला बंदूक पाटावर. तर ठाण्यात मुद्देमाल कारकून रजेवर, चावी त्यांच्याकडे, आणि २ तारखेला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. खंडेनवमीला परत गवसणीच मांडली. सोमवारी, ६ तारखेला, बंदूक हातात मिळाली.

काका, तुम्ही म्हणालात तसंच झालंय. बाहेरून नळीवर हात फिरवला की सगळा हात तांबूस. आतून उजेडाकडे धरून बघितलं तर पूर्वी आरशासारखी दिसायची ती आता चंद्रावरच्या खड्ड्यांसारखी. घोडा चढवताना करकरतो. दस्त्यावर बाबांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा होती तिथे चुन्याने आमचा जमा क्रमांक लिहिलाय, तो अजून पुसला नाहीये. दुरुस्तीवाल्याकडे न्यायचीये, तो बघून सांगेल उडवायची की नाही, तोवर काडतुसं आणणार नाही.

सोमवारी नेमकी कोजागिरी. आई नवान्नासाठी दाराला नवं बांधत होती, भाताची कणसं, आंब्याची पानं, झेंडू. मी बंदूक आणून ओटीवर ठेवली तर काही बोलली नाही, नव्यातलं एक कणीस काढून दस्त्याला बांधलं आणि आत गेली.

---

दोन_नळी | ८ ऑक्टोबर, रात्री ९.५०

अभिनंदन ताई. अर्ज मे २०२४, हातात ऑक्टोबर २०२५, म्हणजे सतरा महिने. नळीत खड्डे असतील तर खरंच उडवू नका, आधी माणसाला दाखवा. आणि परवान्यावरचा बंदुकीचा नंबर नळीवरच्या नंबराशी आजच ताडून बघा, एक आकडा चुकला तरी नूतनीकरणाला अडकवतात.

---

रायवळ_आंबा | ८ ऑक्टोबर, रात्री १०.१०

बघितला. बरोबर आहे. गंजावर रॉकेलची चिंधी फिरवून वाचावा लागला.

---

शंकेखोर | ८ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मनापासून अभिनंदन. आणि माकडं?

---

रायवळ_आंबा | ८ ऑक्टोबर, रात्री १०.२०

आज सकाळी सात जण होते माडावर. नुसती बंदूक हातात घेऊन खाली उभी राहिले. दोघं गेले. बाकीचे बसून बघत होते.